डॉ. हार्वे कुशिंग : आजाराला ज्यांचं नाव मिळालं ते डॉक्टर, आणि तुमच्या हातातला रक्ताचा रिपोर्ट

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘कॉर्टिसॉल’ या शब्दापुढे ठळक अक्षरात एक आकडा छापून आलेला असतो. डॉक्टर म्हणतात, ‘कुशिंग’ आहे का ते बघावं लागेल. घरी येऊन तुम्ही मोबाईलवर तो शब्द शोधता आणि रात्रभर झोप लागत नाही. असं तुमच्या घरात घडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

कुशिंग हे एका डॉक्टरांचं आडनाव आहे. गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या डॉ. हार्वे कुशिंग यांनी कॉर्टिसॉलची रक्त तपासणी आयुष्यात एकदाही केली नाही. त्यांच्या काळात ती तपासणीच नव्हती. तरीही त्यांनी आजार ओळखला. तो कसा, हे समजलं तर तुमच्या हातातला रिपोर्ट कसा वाचायचा हेही समजेल. म्हणून आधी त्यांची गोष्ट सांगतो, मग रिपोर्टकडे येऊ.

डॉक्टरांच्या घरातला धाकटा

हार्वे कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात झाला. दहा भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल विद्यापीठातून १८९१ मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १८९५ मध्ये डॉक्टर झाले.

त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यायचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलं जायचं. रुमालावर किंवा स्पंजवर इथर टाकून तो रुग्णाच्या नाकाशी धरायचा, एवढंच शिक्षण. कुशिंग विद्यार्थी असताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ही घटना त्यांच्या मनाला फार लागली. पण ते तिथेच थांबले नाहीत. अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी भूल देताना रुग्णाची नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने कागदावर नोंदवायला सुरुवात केली. १८९४ च्या सुमाराचे हे तक्ते म्हणजे भूलशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या लेखी नोंदी. आज ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटरवर जी रेघ धावताना दिसते, तिची सुरुवात अशा साध्या कागदावर झाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. एकदा मोजलेली नाडी थोडंच सांगते. दर पाच मिनिटांनी मोजलेली नाडी रुग्ण सुधारतोय की खालावतोय हे सांगते. हार्मोनच्या आकड्यांचंही तसंच आहे.

इटलीहून आणलेला पट्टा

पुढे कुशिंग बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या प्रसिद्ध शल्यविशारदांच्या हाताखाली शिकले. १९०० मध्ये ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात त्यांनी कवटीच्या आत दाब वाढला की रक्तदाब कसा वाढतो यावर प्रयोग केले. १९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हिया शहरात त्यांनी शिपिओने रिव्हा-रोची यांनी बनवलेलं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं उपकरण पाहिलं. त्याची रचना समजून घेतली आणि तसं उपकरण बाल्टिमोरला आणलं. अमेरिकेत रक्तदाब मोजण्याची सवय रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तुमच्या दंडाला दवाखान्यात जो पट्टा बांधतात, तो याच घराण्यातला.

१९०२ मध्ये त्यांचं कॅथरीन क्रॉवेल यांच्याशी लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली. मेंदूची शस्त्रक्रिया हा तेव्हा जवळजवळ हरलेला डाव होता. टेबलावरून रुग्ण परत येईल याची खात्री कुणी देत नसे. कुशिंग यांनी रक्तस्राव थांबवायला चांदीच्या बारीक क्लिपा वापरायला सुरुवात केली, शस्त्रक्रिया सावकाश आणि काटेकोरपणे करायची शिस्त लावली. पुढे १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्याबरोबर विजेच्या प्रवाहाने रक्तवाहिन्या बंद करण्याची पद्धत मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणली.

१९१० सालची एक रुग्ण

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युटरी किंवा पियुषिका ग्रंथी म्हणतात. कुशिंग यांचं लक्ष तिच्याकडे गेलं होतं. १९१० च्या अखेरीस त्यांच्याकडे २३ वर्षांची एक तरुणी आली. तिचं पोट सुटलं होतं, चेहरा गोल झाला होता, पण हातपाय त्या मानाने बारीक. अंगावर नको तिथे केस वाढले होते. पाळी किशोरवयातच थांबली होती. पोटावर जांभळट चरे होते, जरा लागलं तरी काळंनिळं व्हायचं, आणि रक्तदाब वाढलेला होता.

यातली एकेक तक्रार घेतली तर ती कोणालाही असू शकते. वजन वाढलेल्या किती बायका आपल्या आजूबाजूला असतात! कुशिंग यांचं मोठेपण असं, की हे सगळं मिळून एकच आजार असावा हे त्यांना दिसलं. १९१२ मध्ये पिट्युटरीच्या आजारांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी या रुग्णाची नोंद केली. मात्र दोष नक्की कोणत्या ग्रंथीत आहे हे तेव्हा त्यांना ठामपणे सांगता आलं नाही. एकापेक्षा जास्त ग्रंथी बिघडल्या असाव्यात, एवढंच त्यांनी लिहिलं आणि प्रश्न उघडा ठेवला.

तो प्रश्न सुटायला २० वर्षं लागली.

मधली वर्षं

१९१२ मध्ये ते बोस्टनला गेले. तिथल्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात आणि हार्वर्डमध्ये त्यांनी पुढची २० वर्षं काम केलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या डोक्यातले गोळ्यांचे तुकडे काढले. १९१८ मध्ये ते स्वतः आजारी पडले आणि त्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम झाला. जवळचे मित्र आणि गुरुस्थानी असलेले डॉ. विल्यम ऑस्लर यांचं चरित्र त्यांनी लिहिलं, त्याला १९२६ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. बातमी आली त्या सकाळी ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी तरीही केली.

ते सोपे गृहस्थ नव्हते. हाताखालच्या डॉक्टरांशी ते कठोर वागत, घरी फार कमी असत. पण रुग्णाचा पाठपुरावा त्यांच्यासारखा क्वचितच कोणी केला असेल. रुग्णांचे फोटो, हाताने काढलेली चित्रं, काढलेल्या गाठींचे नमुने, सगळं ते जपून ठेवत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना दरवर्षी पत्र लिहून तब्येत कळवायला सांगत. एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाठीची २००० वी शस्त्रक्रिया केली.

१९३२ : बारा रुग्ण

१९३२ मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, त्यांनी १२ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. काही स्वतःचे, काही इतर डॉक्टरांनी नोंदवलेले. सगळ्यांची ठेवण तीच : चेहरा आणि पोट जाड, जांभळे चरे, ठिसूळ हाडं, वाढलेला रक्तदाब, थकवा. त्यांतल्या काहींच्या शवविच्छेदनात पिट्युटरीमध्ये अगदी लहानशी गाठ सापडली होती. ही छोटी गाठच एवढा उत्पात घडवते, असं कुशिंग यांनी म्हटलं.

ते बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. नंतर कळलं की पिट्युटरीतून एसीटीएच नावाचं हार्मोन निघतं. ते मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला सांगतं. पिट्युटरीत गाठ असेल तर हुकूम जास्त सुटतो. ॲड्रिनलमध्येच गाठ असेल तर हुकमाशिवाय कॉर्टिसॉल बनतं. क्वचित फुप्फुसासारख्या दुसऱ्या अवयवातली गाठही एसीटीएच सोडते. कॉर्टिसॉल कोणत्याही कारणाने वाढून जी लक्षणं दिसतात त्यांना आज कुशिंग सिंड्रोम म्हणतात. कारण पिट्युटरीतली गाठ असेल, तरच त्याला कुशिंग आजार म्हणतात.

आता तुमचा रिपोर्ट

कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. ताप, दुखणं, ताण, रात्रपाळी यांनी ते बदलतं. म्हणून कोणत्याही वेळी एकदा काढलेल्या कॉर्टिसॉलवरून कुशिंग आहे किंवा नाही, दोन्ही ठरत नाही. ठळक छापलेला आकडा पाहून घाबरू नका, आणि नॉर्मल आकडा पाहून शंका सोडूनही देऊ नका.

शंका पक्की करायला साधारण तीन तपासण्या असतात. पहिली, रात्री ११ ते १२ च्या दरम्यान डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते ९ ला रक्त देणं. निरोगी शरीर ही गोळी ओळखतं आणि स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. आकडा १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आला तर कुशिंगची शक्यता फार कमी. दुसरी, रात्री उशिरा घेतलेल्या लाळेतलं कॉर्टिसॉल. तिसरी, २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल. बहुतेक वेळा यांपैकी किमान दोन तपासण्या बिघडलेल्या दिसल्यावरच पुढे जातात.

चुकीचा रिपोर्ट येण्याची कारणंही माहीत असू द्या. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातलं कॉर्टिसॉल जास्त दिसू शकतं. फिट्सच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध डेक्सामेथासोनला लवकर संपवतं, त्यामुळे तपासणी फसते. नैराश्य, जास्त दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह यांतही आकडे वर जातात. गोळी उशिरा घेतली किंवा विसरली, तर तेही स्पष्ट सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुशिंग नक्की झाल्यावर एसीटीएच तपासतात. ते खूप कमी असेल तर दोष ॲड्रिनलकडे, नॉर्मल किंवा जास्त असेल तर पिट्युटरीकडे किंवा दुसऱ्या गाठीकडे. एमआरआय आणि सीटी स्कॅन यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पिट्युटरीत निरुपद्रवी लहान गाठी अनेक निरोगी माणसांतही सापडतात. रक्त तपासणीआधी स्कॅन काढला तर नको त्या गाठीची चिंता मागे लागते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारं कारण

दवाखान्यात कुशिंगचा चेहरा घेऊन येणाऱ्या बहुतेक रुग्णांना गाठ नसते. त्यांच्या शरीरात स्टिरॉइड बाहेरून गेलेलं असतं. सांधेदुखीसाठी कोणीतरी दिलेली पुडी, दम्यासाठी स्वतःच्या मनाने चालू ठेवलेल्या गोळ्या, नायट्यावर किंवा गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावलेलं मलम, यातून हे घडतं. अशा वेळी चेहरा सुजलेला असतो आणि रक्तात कॉर्टिसॉल मात्र कमी येतं, कारण शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलेलं असतं.

म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. हे वाचून स्टिरॉइड एकदम बंद करू नका. अनेक आठवडे चाललेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब घसरणं आणि शुद्ध हरपणं, इथपर्यंत वेळ येऊ शकते. ते जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करायचा.

वयस्कर घोड्याचा रिपोर्ट

कुशिंग यांचं नाव प्राण्यांच्या दवाखान्यातही पोहोचलं आहे. कुत्र्यांना हा आजार होतो, आणि १५ वर्षांच्या पुढच्या घोड्यांमध्येही तो बऱ्यापैकी दिसतो. मी माणसांचा डॉक्टर आहे, घोड्यावरचे उपचार पशुवैद्यकांनीच करायचे. पण घोड्याच्या रक्ताचा रिपोर्ट आपल्याला एक चांगला धडा देतो.

घोड्याचा कुशिंग माणसापेक्षा वेगळा आहे. वयानुसार मेंदूतल्या डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी झिजतात. डोपामाइनचा लगाम सुटला की पिट्युटरीचा मधला भाग वाढतो. हा भाग माणसात जवळजवळ नसतोच. म्हणून पशुवैद्यक हल्ली ‘पीपीआयडी’ हे नाव वापरतात. घोड्याचे लांब केस उन्हाळ्यातही झडत नाहीत, पाठीचे स्नायू ओसरतात, तहान आणि लघवी वाढते, आणि खुरांच्या आत वारंवार सूज येऊन तो लंगडतो. खुरांच्या या दुखण्याला लॅमिनायटिस म्हणतात.

अशा घोड्याचं कॉर्टिसॉल अनेकदा नॉर्मलच असतं, म्हणून ते तपासून उपयोग नाही. तपासायचं ते एसीटीएच. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यायचं, थंड ठेवायचं आणि लवकर लॅबला पोहोचवायचं, नाहीतर आकडा फसतो. दुखणं, धावपळ किंवा गाडीतला लांबचा प्रवास यांनीही तो वाढतो.

सर्वांत विशेष म्हणजे ऋतू. उत्तर गोलार्धात ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास निरोगी घोड्याचंही एसीटीएच वाढतं. म्हणजे जो आकडा शरद ऋतूत नॉर्मल, तोच वसंतात आजाराचा असू शकतो. चांगल्या लॅब ऋतूप्रमाणे वेगळी नॉर्मल रेंज देतात. ती रेंज कोणत्या प्रदेशातल्या घोड्यांवरून ठरवली आहे, हेही पशुवैद्यकांना विचारावं. आकडा मधल्या पट्ट्यात आला तर टीआरएच हे इंजेक्शन देऊन १० मिनिटांनी पुन्हा एसीटीएच बघतात. शिवाय इन्सुलिन तपासतात, कारण खुरांचा धोका मोठ्या प्रमाणात वाढलेल्या इन्सुलिनशी जोडलेला आहे. उपचाराला पर्गोलाइड हे डोपामाइनसारखं काम करणारं औषध देतात आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात.

माणसाच्या कॉर्टिसॉलला दिवसाची वेळ असते, घोड्याच्या एसीटीएचला वर्षाची. ती वेळ बघितल्याशिवाय दोन्ही आकडे वाचता येत नाहीत.

शेवटची वर्षं

बोस्टनहून निवृत्त झाल्यावर कुशिंग येलला परतले. आयुष्यभर सिगारेट ओढल्याने त्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या आणि चालणं कठीण झालं होतं. इतरांच्या शरीरातली बारीकशी खूण टिपणाऱ्या या डॉक्टरांना स्वतःचं व्यसन मात्र वेळेत आवरता आलं नाही. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन इथे हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ७० होतं. त्यांचा पुस्तकांचा संग्रह येलच्या वैद्यकीय ग्रंथालयाला मिळाला. त्यांनी जपलेले रुग्णांचे फोटो आणि नमुने आजही तिथे आहेत.

रक्तातली हार्मोन्स अचूक मोजायची पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली, ती कुशिंग गेल्यानंतर सुमारे २० वर्षांनी. त्या कामासाठी यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. आज लॅबमध्ये हे आकडे काही तासांत मिळतात. पण त्यांचा अर्थ लावायला कुशिंग यांच्यासारखंच रुग्णाकडे नीट बघावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्याल?

- चार-पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो आणि आत्ताचा एक फोटो. चेहऱ्यातला बदल आरशात रोज बघून कळत नाही, फोटोत कळतो.
- घेत असलेली सगळी औषधं : गोळ्या, इनहेलर, मलमं, पुड्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शनं. नाव माहीत नसेल तर वेष्टनच न्या.
- रक्त कोणत्या तारखेला आणि किती वाजता दिलं, याची नोंद.
- या खुणा आहेत का ते बघा : बोटाच्या पेराएवढे रुंद जांभळे चरे, सहज पडणारे काळेनिळे डाग, उकिडवं बसल्यावर आधाराशिवाय उठता न येणं. लहान मुलाचं वजन वाढतंय पण उंची थांबली आहे का, हेही सांगा.
- जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. शेवटचाच तेवढा नेऊ नका.

आणि रुग्णाच्या घरच्यांना एक विनंती. कुशिंग असलेली व्यक्ती चिडते, रडते, झोपत नाही, वजन कमी होत नाही म्हणून स्वतःला दोष देते. यात आळस किंवा खादाडपणा नाही, कॉर्टिसॉल हे सगळं करतं. कारण सापडलं तर बहुतेकांवर चांगले उपचार होतात. पिट्युटरीची गाठ आज नाकावाटे काढता येते. शस्त्रक्रियेनंतर शरीर सावरायला कित्येक महिने लागतात आणि तोवर गोळ्या घ्याव्या लागतात, तेव्हा धीर सोडू नका.

ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. तुमच्या रिपोर्टचा अर्थ तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. गरज असेल तर ते तुम्हाला हार्मोनतज्ज्ञांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवतील.